पदवी ऑनलाइन, पाळी रात्रीची

“मॅडम, दोन वर्षे घालवून, कर्ज काढून ऑनलाइन एम.एस्सी. केली आणि पुढे तिला कोणी पदवीच मानले नाही, तर मी काय करायचे?” नोकरी सांभाळून पुढे शिकू पाहणारी माणसे सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन येतात. ज्या बाईंनी तो अगदी या शब्दांत विचारला, त्यांची हकीकत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे लिहीत आहे.

त्यांचे वय तेहतीस, माहेर साताऱ्याकडचे, शिक्षण बी.सी.एस., म्हणजे संगणकशास्त्राची पदवी, आणि नोकरी पुण्यात खराडीला, एका कंपनीच्या सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, ज्याला तेथील सगळे ‘सॉक’ म्हणतात. पडद्यावर येणाऱ्या अलर्टपैकी खरा कोणता आणि खोटा कोणता हे ठरवायचे, त्याची नोंद म्हणजे तिकीट उघडायचे, आपल्या आवाक्याबाहेरचे असेल ते वरच्या फळीकडे पाठवायचे आणि पाळी संपताना पुढच्या माणसाला हँडओव्हर द्यायचा, हे काम त्या सहा वर्षे करत होत्या. पुण्यातील कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा त्या दुसऱ्या एका ठिकाणी हेल्पडेस्कवर होत्या. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणाच चोरट्यांनी बाजूला सारली होती, हे वाचून आपण याच क्षेत्रात जायचे, असे त्यांनी ठरवले होते. आता मात्र त्यांची बढती दोनदा हुकली होती आणि दोन्ही वेळा ती पदव्युत्तर शिक्षण झालेल्या सहकाऱ्याला मिळाली होती, म्हणून सायबर सुरक्षेत एम.एस्सी. करण्याचा विचार. घरी पहिलीत जाणारा मुलगा, चाकणला कारखान्यात नोकरी करणारे पती आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासूबाई.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर एका बैठकीत देता येण्यासारखे होते आणि ते मी तसे दिलेही. मान्यताप्राप्त विद्यापीठाने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या परवानगीने दिलेली ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष आहे, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. पाहायचे ते एवढेच, की केवळ विद्यापीठाला मान्यता असून भागत नाही. आपण ज्या वर्षी प्रवेश घेणार, त्या वर्षासाठी तोच अभ्यासक्रम आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत असला पाहिजे. आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवता येत नाहीत, त्यामुळे एखादे विद्यापीठ ‘ऑनलाइन एम.टेक.’ची जाहिरात करत असेल तर आधी थांबून चौकशी करावी. आयआयटींसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था स्वतंत्र कायद्याखाली चालतात, त्यांची गोष्ट निराळी. परदेशाचा विचार असेल, तर अमेरिकेतील जॉर्जिया टेकसारख्या संस्थेने २०१९ पासून सायबर सुरक्षेची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केलेली आहे, परंतु परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करताना आपली तीन वर्षांची बी.सी.एस. पदवी तेथे पुरेशी धरतात की नाही, हे शुल्काच्या आधी लेखी विचारून घ्यावे.

हे सारे त्यांनी वहीत टिपून घेतले, तरी उठायचे चिन्ह दिसेना. उत्तर मिळूनही माणूस खुर्चीतून उठत नाही, तेव्हा त्याचा खरा प्रश्न अजून विचारायचा राहिलेला असतो, असा माझा अनुभव आहे. मी त्यांना घरून एक काम करून आणायला सांगितले: आठवड्याचे १६८ तास आलेखाच्या कागदावर चौकोनांत मांडायचे आणि ते एका साध्या आठवड्याचे नव्हे, तर रोस्टरनुसार, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकानुसार, फिरणाऱ्या तिन्ही पाळ्यांचे.

पुढच्या वेळी त्यांनी मुलाच्या रंगीत खडूंनी भरलेले तीन कागद टेबलावर पसरले. सकाळच्या पाळीच्या आठवड्यात चौदा चौकोन कोरे होते, परंतु त्यांतले सलग तासाभराहून अधिक असे फक्त सहा. दुपारच्या पाळीत त्याहूनही कमी. रात्रपाळीच्या कागदावर दिवसा झोपेचे निळे चौकोन होते आणि त्या निळ्याला मधे मधे लाल रेघांनी कापले होते. दारावरची बेल, सासूबाईंचे औषध, शाळेची रिक्षा. कोरा चौकोन एकही नव्हता. अशा अभ्यासक्रमात एका विषयाला आठवड्याला दहा-बारा तास सहज लागतात आणि प्रयोगाचे काम अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत होत नाही, कारण व्हर्च्युअल मशिन, म्हणजे सरावासाठीचा संगणकातला संगणक, सुरू करून मागच्या वेळी कुठे अडलो होतो ते आठवेपर्यंतच वीस मिनिटे जातात. हे त्यांना मी सांगण्याची गरज पडली नाही. कागदाकडे पाहत त्या स्वतःच म्हणाल्या, “रात्रपाळी आहे तोवर हे होणार नाही.”

आणि मग, बऱ्याच वेळाने, दुसरी गोष्ट बाहेर पडली. “आमच्या टीममध्ये सगळे बी.ई. आहेत. मला गणित येत नाही. वर्गात नापास झाले तर ऑफिसात कळेल.” पदवीला किंमत आहे का, या प्रश्नामागे आपली किंमत कळून येईल, ही धास्ती लपलेली होती. माहिती-सुरक्षेच्या पदव्युत्तर अभ्यासात संकेतनशास्त्र, म्हणजे निरोप कुलूपबंद करण्याचे गणित, हा विषय बहुतेक ठिकाणी असतोच आणि अकरा-बारा वर्षांपूर्वी सोडलेल्या गणिताची भीती ही खरी भीती आहे, तिला ‘जमेल हो’ म्हणून उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. म्हणून आम्ही असे ठरवले, की जुलैचा प्रवेश घ्यायचा नाही. त्याऐवजी दहा आठवडे केवळ पायाभूत गणित आणि लिनक्स ही संगणकप्रणाली करून पाहायची, तेही फुकट उपलब्ध असलेल्या साहित्यावर.

सातव्या आठवड्यात त्या किराणा दुकानाच्या बिलाची पाठकोरी बाजू घेऊन आल्या. तिच्यावर आरएसए या संकेतनाच्या पद्धतीचे एक अगदी छोटे उदाहरण सोडवलेले होते: ३ आणि ११ या दोन मूळ संख्या, त्यांचा गुणाकार ३३, कुलूप लावायची किल्ली ३, उघडायची किल्ली ७. निरोप म्हणून २ ही संख्या घेतली, तिचा घन ८ झाला. हा झाला कुलूपबंद निरोप. आता ८ चा सातवा घात, म्हणजे २०,९७,१५२, याला ३३ ने भागायचे. तो भागाकार त्यांनी शाळेतल्यासारखा, एकाखाली एक अंक मांडून केला होता आणि तळाशी बाकी उरली होती २. तिच्याभोवती पेनने तीनदा गोल केला होता. “रोज ज्या सर्टिफिकेटच्या एररची तिकिटे बंद करते,” त्या म्हणाल्या, “त्यांच्या आत हे चाललेले असते!” मला त्यातील फारसे कळत नाही, पण तो कागद मी दोनदा पाहिला.

या दहा आठवड्यांत एका शैक्षणिक कंपनीतून त्यांना सतत फोन येत होते आणि फोन करणारा मुलगा स्वतःला ‘काउन्सेलर’ म्हणवीत होता, हे मला येथे कळकळीने नोंदवावेसे वाटते. ज्याचा पगार प्रवेशांच्या संख्येवर अवलंबून आहे, त्याचा सल्ला हा विक्रीचा भाग असतो. ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’ असे ऐकले, की त्या दिवशी पैसे भरूच नयेत. ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणून जे पुढे केले जाते, ते पुष्कळदा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते आणि अभ्यासक्रम सोडला तरी हप्ते सुटत नाहीत; कागदावर पदवी लिहिले आहे की केवळ प्रमाणपत्र, हेही सही करण्यापूर्वी वाचावे. त्यांनी अखेर बँकेचेच शैक्षणिक कर्ज घेतले. आयकराच्या जुन्या करप्रणालीत राहणाऱ्याला त्याच्या व्याजावर वजावट मिळते.

नंतरच्या एका बैठकीला त्यांचे पती आले होते. ते तिन्ही रंगीत कागद त्यांच्यासमोर ठेवले, तेव्हा ते बराच वेळ रात्रपाळीच्या कागदातल्या लाल रेघा मोजत बसले आणि “दुपारची बेल तर मीच वाजवतो, किल्ली नेत नाही म्हणून,” असे म्हणाले. रविवारी सकाळी नऊ ते एक मुलगा आणि आई यांची जबाबदारी त्यांची, हे तेथेच ठरले. सासूबाईंना हे त्यांनीच सांगायचे, सुनेने नव्हे, असा आग्रह मात्र मी धरला.

उरले कार्यालय. वरिष्ठांशी बोलताना बढतीची तक्रार न मांडता त्यांनी एकच मागणी केली, सहा महिन्यांसाठी ठरावीक पाळी, आणि ती मान्य झाली. कंपनीच्या लॉगमधली, म्हणजे संगणकीय नोंदींमधली, एक ओळही अभ्यासाच्या प्रकल्पात वापरायची नाही, ऑफिसच्या लॅपटॉपवर सुरक्षा भेदून पाहण्याची ‘काली’सारखी साधने चढवायची नाहीत आणि शिकलेले स्कॅनिंग परवानगीवाचून कोणत्याही नेटवर्कवर करून पाहायचे नाही, ही पथ्ये त्यांना आधीपासून ठाऊक होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमात तीन वर्षांपर्यंतची कैद आहे, हे उलट त्यांनीच मला सांगितले.

एका सत्रात एक-दोनच विषय घेऊ देणारा अभ्यासक्रम निवडून त्यांनी जानेवारीत प्रवेश घेतला. दुसऱ्या सत्रात मुलाला डेंग्यू झाला, ठरावीक पाळीची सहा महिन्यांची मुदत संपून रात्रपाळीही परत आली, तेव्हा दोनपैकी एक विषय त्यांनी मुदतीच्या आत सोडून दिला आणि ते मला फोनवर सांगताना पदवी आता सहा महिने पुढे जाईल, असे एरवीच्याच आवाजात म्हणाल्या. नव्या रोस्टरचा कागद रंगवून झाला आहे, पुढच्या शनिवारी त्या तो घेऊन येणार आहेत.