वाचकांचे प्रश्न : बडोद्याच्या दप्तरात कागद शोधताना

प्रश्न : आमच्या पणजोबांना नवसारी प्रांतात इनाम जमीन होती. कोठीच्या दप्तरात (बडोद्यातल्या सरकारी अभिलेखागारात) आडनाव सांगून चौकशी केली, काही निघालं नाही. कागद नष्ट झाले असतील का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : एवढ्यावरून तसं ठरवू नका. सरकारी दप्तर माणसांच्या नावाने लावत नाहीत. कागद ज्या कचेरीत तयार झाला, त्या कचेरीच्या क्रमाने लावतात. हा क्रम मोडला की कागद असूनही हाती लागत नाही, म्हणून तो जपायचाच असतो.

गायकवाडी संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० साली गुजरात वेगळा झाला आणि १९७१ साली गुजरातचं पुराभिलेख खातं उभं राहिलं. वरचा मालक तीनदा बदलला, पण तुम्हाला शोधायची आहे ती संस्थानी कचेरी. तेव्हा आडनाव बाजूला ठेवा आणि प्रांत, महाल (म्हणजे तालुका), गाव या क्रमाने मागणी लिहा. जुनी नावं वापरा. आजचं मेहसाणा तिथे ‘कडी प्रांत’ म्हणून सापडतं. मग खातं ठरवा. इनामाचा वाद रेसिडेंटापर्यंत, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीपर्यंत गेला असेल तर हुजूर पोलिटिकल ऑफिसच्या, म्हणजे इंग्रजांशी व्यवहार पाहणाऱ्या संस्थानी कचेरीच्या फायली बघा, त्यांत इंग्रजी पुष्कळ आहे. दप्तर (इथे कागदांचं गाठोडं) आणि फाइल, दोन्हींचे क्रमांक टिपून घ्या. विलीनीकरणानंतर नवसारीकडचा भाग सुरत जिल्ह्यात गेला, १९६४ साली वलसाडमध्ये आणि १९९७ साली नवसारी जिल्ह्यात. जमिनीच्या पुढच्या नोंदींसाठी तिकडेही विचारायला हवं.

सनद जुनी असेल तर खरी अडचण तारखेची. मोडी कागदावर ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ असं असतं. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, ही जुन्या कागदांतली कालगणना, आणि पुढचे शब्द अरबी आकडे : इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, म्हणजे सुहूर सन ११६१. हे वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होतं. म्हणून मृग ते डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा (१७६०), जानेवारीपासून पुढे ६०० (१७६१). याला हिजरी समजून गणित केलं तर साल बारा-तेरा वर्षांनी चुकतं आणि तुम्ही भलतंच दप्तर उघडून बसता. ‘छ’ पुढचा आकडा मुसलमानी महिन्यातला चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख असतो, आपली तिथी नव्हे.

प्रश्न : घरातले मोडी कागद लॅमिनेट करून ठेवावेत का?

उत्तर : मुळीच नको. गरम प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, पुढे ते सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. काजळीची शाई उन्हाने फिकी होत नाही, पण ओल लागली की पसरते. लोहाची शाई उलट कागदच खाते, अक्षरांच्या जागी भोकं पडतात. मऊ ब्रशने धूळ झटका, घडी उलगडून कागद सपाट ठेवा आणि खळ काढलेल्या धुतलेल्या सुती कापडात बांधा. पावसाळ्यात गाठोडं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. कागद बांधण्याआधी प्रत्येक पानाचं, मागच्या बाजूसकट, ३०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. शिक्का आणि मोर्तब पुष्कळदा मागेच असतं.