बंगाली कादंबरीकार बंकिमचंद्रांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची नाटकं इंग्रजांच्या काळात होत होती का? सरकारने ती चालू कशी दिली?

होत होती, आणि धडाक्यात होत होती. 'दुर्गेशनंदिनी' १८६५ साली छापून आली आणि १८७३ मध्ये कलकत्त्याच्या बेंगॉल थिएटरने ती रंगमंचावर आणली. तिथला रंगमंच मातीचा होता, त्यामुळे नायक जगतसिंहाचं काम करणारे शरच्चंद्र घोष खऱ्या घोड्यावर बसून प्रवेश करायचे. याच थिएटरने त्या वर्षी स्त्रियांच्या भूमिकांसाठी नटी घेतल्या. (आपल्या मराठी नाटकांत तेव्हा आणि पुढेही कितीतरी वर्षं बहुधा पुरुषच लुगडं नेसून उभे राहत.)

नटी विनोदिनी दासी पुढे याच नाटकात गरज पडली की पठाण नबाबाची मुलगी आयेषा आणि वीरेंद्रसिंहाची मुलगी तिलोत्तमा, या जगतसिंहावर प्रेम करणाऱ्या दोघींच्या भूमिका करायची. दोघी समोरासमोर येतात त्या फक्त तुरुंगाच्या प्रवेशात, आणि तिथे तिलोत्तमेला एकही वाक्य नाही. मग दुसरीच कुणीतरी तिलोत्तमेचे कपडे घालून आत जायची, जगतसिंहाचे एवढेच शब्द ऐकायची, 'कोण, वीरेंद्रसिंहाची कन्या?', आणि मूर्च्छित पडायची. आयेषाचा सगळ्यात कस लागतो तो पठाण सेनापती उस्मानबरोबरचा प्रसंगही तेव्हाच, त्यामुळे तिथे विनोदिनीच हवी! तिने हे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय; ते मिळवून जरूर वाचा.

आता सरकारचं. १८७६ च्या फेब्रुवारीत ग्रेट नॅशनल थिएटरने 'गजदानंद ओ युवराज' हे प्रहसन केलं. प्रिन्स ऑफ वेल्सला आपल्या घरच्या अंतःपुरात नेणाऱ्या एका बड्या वकिलाची त्यात टर उडवली होती. पोलिसांनी ते बंद पाडलं, २९ फेब्रुवारीला लॉर्ड नॉर्थब्रुकने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. सरकारविरुद्ध अप्रीती पसरवील असं वाटलं की प्रयोगच थांबवता येई. बंदी मोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

तरीही बंकिमचंद्रांची नाटकं चालली. माझ्या मते याचं मुख्य कारण म्हणजे त्यांतली लढाई बहुतेक मोगल-पठाणांच्या काळातली. 'आनंदमठ' १८८३ मध्ये नॅशनल थिएटरवर आलं. ते इंग्रजांच्या जास्त जवळ जाणारं होतं, पण कादंबरीच्या शेवटी इंग्रजी राज्य येणं हिताचंच असल्याचं एक महापुरुष सांगतो. शिवाय लेखक स्वतः डेप्युटी मॅजिस्ट्रेट. या सावधपणाची किंमत मात्र मोठी होती. रंगमंचावरचा शत्रू वारंवार मुसलमानच राहिला, आणि आयेषासारखी उदात्त व्यक्तिरेखा असूनही ते खटकतं.

वंगभंगाच्या चळवळीनंतर हा आडोसा पुरेनासा झाला. बंगाली नाटककार गिरीशचंद्र घोषांची 'सिराजउद्दौला' आणि 'मीर कासिम' ही नाटकं थेट कंपनी सरकारशी झालेल्या संघर्षावरची होती. १९११ मध्ये त्यांच्यावर बंदी आली, आणि त्यांच्याबरोबर गिरीशचंद्रांच्याच 'छत्रपती शिवाजी'वरही. म्हणजे शत्रू मोगल असला तरी आता सरकारला ते चालेना.