पैसे आमचे, फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर

प्रश्न: आम्ही दोघं आठ वर्षांपासून न्यू जर्सीत आहोत. दोघंही नोकरी करतो. नवरा दर महिन्याला सांगलीला सासऱ्यांच्या खात्यात पैसे पाठवतो. त्यातले घरखर्चाला किती जातात आणि धाकट्या दिरांच्या दुकानात किती, हे कुणी विचारत नाही. आता सासरे म्हणतात, सांगलीत फ्लॅट घेऊ, तुम्ही पैसे पाठवा, माझ्या नावावर करतो, तुम्ही तिकडे, सह्या कोण करणार? माझी आई नाशिकला एकटी असते. तिला काही पाठवायचं म्हटलं की मीच गप्प बसते. ती मागत नाही. काय करावं?

उत्तर: आईचं तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या गोष्टींना सीए आणि वकील लागतील, याला फक्त तुमचा होकार लागतो. तुम्ही कमावता. आईला पैसे पाठवण्याबद्दल नवऱ्याशी बोलायचं ते परवानगीसाठी नाही, घरच्या बजेटमध्ये तो आकडा धरण्यासाठी. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये असं मानणारी माणसं अजून आहेत, तेव्हा आई मागत नाही म्हणजे तिला लागत नाहीत, असं समजू नका. कायद्यापुरतं म्हणाल तर हा प्रश्न जुना झाला. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितलं, की आई-वडिलांना पोसण्याची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही येते. हे सासरी ऐकवायला जाऊ नका, अशा वाक्यांनी कुणाचं मन वळत नाही. तुमचा स्वतःचा संकोच जावा म्हणून सांगितलं.

आई रोख रक्कम घ्यायला राजी नसेल तर तिचे खर्च उचला. कामवाल्या मावशींचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स, विजेचं बिल, औषधं. तुमच्या एनआरई किंवा एनआरओ खात्याला (ही अनिवासी भारतीयांची भारतातली बँक खाती, त्यांच्यातला फरक पुढे सांगते) अमेरिकेतला मोबाइल नंबर जोडून यूपीआय वापरण्याची सोय बऱ्याच बँका देतात, त्यामुळे ही बिलं तिथून बसल्या भरता येतात. आणि सगळ्यात आधी तिच्या आरोग्य विम्याचं बघा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. ती सत्तरीच्या पुढे असेल तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्या. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात, पण योजनेतल्याच रुग्णालयांत. नाशिकमधली तिच्या जवळची कोणती रुग्णालयं त्यात आहेत ते आजारपण येण्याआधी बघून ठेवायचं.

आता सांगली.

तुमच्या घरातून जाणारे पैसे तीन प्रकारचे आहेत: सासू-सासऱ्यांच्या खर्चाचे, दिरांच्या दुकानाचे आणि आता फ्लॅटचे. तिन्ही एकाच खात्यात पडतात आणि तिन्हींना घरात एकच नाव आहे, "थोरला पाठवतो ते". माझ्या मते तुमची सगळी घुसमट इथे आहे. पैसे जास्त जातात की कमी, हा तुमचा प्रश्नच दिसत नाही. रक्कम निघण्याआधी ती कशासाठी आहे, आणि दिल्यावर ती कुणाची, हे कधी ठरलेलं नाही. ते ठरलं की खातीही आपोआप वेगळी होतात.

खर्चाचे पैसे सोपे. महिन्याचा आकडा ठरवा, तारीख ठरवा आणि ते देऊन टाका. त्यातून सासूबाईंनी नातवंडांसाठी दागिना केला की देवाला अभिषेक घातला, हे तुम्ही बघायचं नाही. मुलाने, मुलीने, सुनेने किंवा जावयाने दिलेल्या पैशांवर आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना भारतात आयकर लागत नाही, रक्कम कितीही असो. त्या पैशांची त्यांनी एफडी केली तर व्याज मात्र त्यांचं उत्पन्न, आणि त्यावरचा कर त्यांचा.

ही करमाफी सगळ्या नातलगांना नाही, आणि इथे भली भली माणसं फसतात. काकांनी पुतण्याला दिले तर कर नाही. पुतण्याने काकांना दिले आणि वर्षभरातल्या अशा भेटींची रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर ती पूर्ण रक्कम काकांच्या उत्पन्नात धरली जाते. मामा-भाच्याचं तसंच. चुलत, मावस, आते, मामे भावंडं तर त्या यादीतच नाहीत. ज्या घरांत काकांनी शिकवलं आणि पुतण्या आता परतफेड म्हणून पाठवतो, त्या घरांना हा नियम कसा समजावायचा ते मला खरंच कळत नाही. पण नियम आहे.

दिरांच्या दुकानाचे पैसे सासऱ्यांच्या खात्यातून जाणं बंद करा. द्यायचे तर नवऱ्याने थेट भावाच्या खात्यात द्यावेत, म्हणजे देणारा आणि घेणारा दोघांनाही आकडा माहीत राहतो. भावाने भावाला दिलेल्या पैशांवरही कर नाही. उसने म्हणून देणार असाल तर कागद करा, आणि त्याआधी सीएला विचारा, कारण परदेशात राहणाऱ्याने भारतातल्या माणसाला कर्ज देण्याला फेमाचे, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचे, वेगळे नियम आहेत. माझं मत विचाराल तर भावाला कर्ज देऊच नका. जेवढे परत आले नाहीत तरी चालतील तेवढे भेट म्हणून द्या, आणि तसं स्पष्ट सांगा.

फ्लॅटबद्दल मात्र घाई नको. सासऱ्यांच्या मनात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. सह्यांची अडचण खरी आहे. पण फ्लॅट एकट्या त्यांच्या नावावर झाला की तो त्यांचा झाला. उद्या मृत्युपत्राशिवाय ते गेले, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सासूबाई आणि सगळी मुलं-मुली सारखे वाटेकरी होतात. म्हणजे तुमचा नवरा, दीर आणि नणंद असेल तर तीही. त्यावेळी "पैसे मी दिले होते" असं नवऱ्याने म्हणून भागत नाही, उलट ते म्हणणंच अंगाशी येऊ शकतं. बेनामी व्यवहारांचा, म्हणजे पैसे एकाचे आणि मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर अशा व्यवहारांचा, कायदा २०१६ मध्ये कडक झाला. स्वतःच्या माहीत असलेल्या उत्पन्नातून बायको-मुलांच्या नावावर मालमत्ता घेतली तर तो कायदा आड येत नाही. आई-वडील किंवा भावंडांच्या नावावर घ्यायची तर दस्तात पैसे देणाऱ्याचंही नाव लागतं.

म्हणून आधी दोघांत ठरवा, हा फ्लॅट कुणाचा? सासू-सासऱ्यांना म्हातारपणी स्वतःचं घर असावं म्हणून देताय का? मग खुल्या मनाने भेट द्या, तो त्यांच्या नावावर होऊ दे, आणि पुढे त्यावर हक्क सांगू नका. दिराचा वाटा पडला तर पडू दे. त्यांनी मृत्युपत्र करावं असं नवऱ्याने सुचवायला हरकत नाही. आणि फ्लॅट तुमचा असून त्यात ते राहणार असतील, तर करारनाम्यावर नवऱ्याचं नाव हवं. तुमचे पैसे असतील तर तुमचंही. अनिवासी भारतीयाला भारतात राहतं घर घ्यायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. शेतजमीन, फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही, वारसाने येऊ शकतं. तेव्हा फ्लॅटऐवजी कुणी गावाकडच्या एकरभराची गोष्ट काढली तर तिथेच थांबवा.

सह्यांसाठी विशेष मुखत्यारपत्र करा. त्यात हा एकच फ्लॅट, आणि करारनामा, नोंदणी, ताबा एवढेच अधिकार लिहा. विकायचा किंवा गहाण ठेवायचा अधिकार घालू नका. नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून ते सांगलीला पाठवा. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, नाहीतर नोंदणी कार्यालयात अडकतं. बांधकाम चालू असलेला प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी बघा. बिल्डरचे हप्ते थेट तुमच्या एनआरई खात्यातून जाऊ द्या, सासऱ्यांच्या खात्यातून फिरवून नको. पैसा कुठून आला याचा माग स्पष्ट राहतो, आणि पुढे विकला तर एनआरईतून भरलेली मूळ रक्कम बाहेर नेता येते. राहत्या घरांच्या बाबतीत ही सवलत दोन घरांपुरती आहे.

तुमच्या खात्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी विचारते. भारतात असतानाचं जुनं बचत खातं अजून तसंच चालू आहे का? बऱ्याच जणांचं असतं. अनिवासी झाल्यावर ते एनआरओ करून घ्यावं लागतं. भारतातलं भाडं, लाभांश, पेन्शन त्यात येतं आणि त्यातल्या व्याजावर अनिवासी म्हणून ३० टक्के दराने, वर अधिभार-उपकर धरून, टीडीएस कापला जातो. अमेरिकेतून आलेल्या तुमच्या बचतीसाठी एनआरई. त्याचं व्याज भारतात करमुक्त आहे, पण अमेरिकेत नाही, तिथल्या विवरणपत्रात ते दाखवायलाच हवं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवसही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो. आईच्या खात्याला "सोयीसाठी" तुमचं नाव जोडलं असेल तर तेही खातं त्यात येतं. तिच्या आयुष्यभराच्या बचतीने तुमची मर्यादा ओलांडली जाते आणि तुम्हाला पत्ताही नसतो. भारतातले म्युच्युअल फंडही अमेरिकेत राहणाऱ्यांनी दोनदा विचार करून घ्यावेत, त्यांचा तिथला कर फार किचकट आहे.

फ्लॅट सासऱ्यांना भेट द्यायचं ठरलं तर अमेरिकेतला भेट-कराचा नियमही लागू होतो. २०२६ साठी एका देणाऱ्याने एका घेणाऱ्याला वर्षात १९,००० डॉलरपर्यंत दिलं तर काही कळवावं लागत नाही. तुम्ही दोघं, घेणारे सासू आणि सासरे दोघं, म्हणजे चार वेळा ती मर्यादा. त्यापुढे फॉर्म ७०९ भरायचा. कायमच्या तिथे राहणाऱ्यांना बहुतेक वेळा कर पडत नाही, पण फॉर्म चुकवू नका.

पैसे कोणत्या कंपनीतून पाठवावेत, यावर मी जास्त लिहीत नाही. "शून्य शुल्क" वाचून भुलू नका, फी नसते तिथे दरात कापलेलं असतं. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी तेवढेच डॉलर टाकून सांगलीला किती रुपये पोहोचतात ते बघायचं, बस. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतून पैसे पाठवण्यावर एक टक्का कर आला तो रोख, मनीऑर्डर आणि कॅशिअर्स चेकने पाठवणाऱ्यांना, अमेरिकी बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवणाऱ्यांना नाही. व्हॉट्सॲपवर आलं तरी घाबरू नका. हे वाचणाऱ्या आखातातल्या मंडळींना एवढंच, की हुंडीवाला, म्हणजे बँकेबाहेरून पैसे पोहोचवणारा, दर चांगला देतो म्हणून जाऊ नका. तो व्यवहार फेमाचं उल्लंघन ठरतो, आणि उद्या घराचे पैसे कुठून आले असं विचारलं तर दाखवायला कागद नसतो. त्यांच्यातल्या ज्यांची बायको भारतात आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं, की नवऱ्याने पाठवलेल्या पैशांची बायकोने एफडी केली तर ते व्याज भारतात नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं.

राहिलं सासऱ्यांशी बोलणं. ते तुम्ही करायचं नाही, नवऱ्याने करायचं, आणि फोनवर सगळे जमलेले असताना नाही. "आमच्यावर विश्वास नाही का" हे वाक्य येणारच. त्यावर वाद घालण्यापेक्षा "बाबा, सह्या तुम्हीच करणार, मुखत्यारपत्र तुमच्याच नावाने करतोय" एवढं त्याने म्हणावं, त्यांचा मान राहतो. दिराला दुकानाचं नवऱ्याने आधी वेगळं सांगून ठेवावं, वडिलांकडून कळलं तर त्याला ते बोचेल. आणि मागच्या आठ वर्षांचा हिशेब काढू नका. ते पैसे दिले, संपले. नवी व्यवस्था एप्रिलपासून सुरू करा, आर्थिक वर्षही तेव्हाच बदलतं.