वावरात घर आहे, मुलीला कुत्रं हवंय. दुकानातून घ्यावं की दत्तक?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्ह्याकडे वावरातच घर, दहा वर्षांची मुलगी कुत्र्यासाठी मागे लागलेली, नागपूरच्या दुकानात लॅब्रेडॉरचं पिल्लू 12 हजारांना सांगितलंय आणि कुणीतरी म्हणतंय की शेल्टरमधून आणा.

दुकानातून घेऊ नका. शेल्टर तुम्हाला लांब पडेल. गावातच एखादी कुत्री व्यालेली असेल, तिचं पिल्लू घ्या. आणि त्यातही मादी घ्या. हे शेवटचं वाचून घरात आठ्या पडतील हे मला माहीत आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

आधी लॅब्रेडॉरचं. ही जात मूळची न्यूफाउंडलंडकडची, बर्फगार पाण्यात उतरून कोळ्यांना मदत करणारी. अंगावर केसांचे दोन थर. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, वावरातल्या घरावर टिना असतात आणि लाइन कधी जाईल याचा नेम नाही. अशा दुपारी त्या जनावराचे हाल बघवत नाहीत. हस्कीचं तर नावच काढू नका, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला नीट धापसुद्धा टाकता येत नाही. शिवाय तुम्हाला कुत्रं फक्त खेळायला नको असणार. रात्री ओलिताला जावं लागतं, हरभऱ्यात रानडुकरं घुसतात, रोही (नीलगायी) येतात. लॅब्रेडॉर इतका माणूसवेडा की चोर आला तरी शेपूट हलवील. गावठी कुत्रं पान हललं तरी उठतं.

दुकानांवर माझा राग आहे तो वेगळ्या कारणानं. 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. 2018 पासून दुकानालाही नोंदणी लागते. दुकानदाराला म्हणा, प्रमाणपत्र दाखवा आणि पिल्लाची आई दाखवा. आई दाखवणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही. आमच्या गल्लीत एकानं असंच पिल्लू आणलं. चार-पाच दिवस घरभर उड्या मारत होतं. मग खाणं सोडलं, फेसाळ उलट्या सुरू झाल्या, आणि नंतर रक्ताची हगवण. तो वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. पार्व्हो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला आठवडाभर जाऊ शकतो, त्यामुळे दुकानात ठणठणीत दिसलेलं पिल्लू घरी येऊन मरतं आणि दुकानदार म्हणतो, तुम्हीच काहीतरी खाऊ घातलं. ढोरांच्या दवाखान्यात सलाइन लावून बसले बिचारे, वाचलं नाही. वर हा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणजे त्या घरात लगेच दुसरं पिल्लू आणायचीही सोय राहिली नाही.

गावातलं पिल्लूही पार्व्होनं मरू शकतं, खोटं कशाला बोलू. पण त्याची आई, भावंडं, जागा सगळं डोळ्यांसमोर असतं. एखादं भावंड मलूल पडलेलं दिसलं की त्या वेताकडे फिरकायचंच नाही.

आता मादीचं. गावात कुत्री व्याली की नर पिल्लं पटापट वाटली जातात. "नर असंल तं द्या बाप्पा, मादी नोको" हे ठरलेलं. उरलेल्या माद्या कुणीतरी खताच्या पिशवीत भरून शिवेवर, कॅनॉलच्या पुलापाशी नाहीतर ढाब्यामागे सोडून येतं. आमची भुरी अशाच युरियाच्या पिशवीतली. पिशवीचं तोंड सुतळीनं सैल बांधलेलं, आत तीन पिल्लं, तिन्ही माद्या. भुरीच्या एका कानात गोचीड इतके की तो कान लोंबत होता. सासूबाई म्हणाल्या, "दरसाल घरात पिल्लं होतीन, कोन पाह्यीन त्याइले?" प्रश्न बरोबर होता. पण त्याला नसबंदी हे सरळ उत्तर आहे, आणि गावात ते कुणी देत नाही म्हणून पिशव्या भरल्या जातात.

कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि लागली की दोन महिन्यांनी विते. सहा-सात महिन्यांची झाली की ऑपरेशन करून घ्या. पहिल्या माजाआधी झालं तर पुढे स्तनातल्या गाठींचा धोका बराच कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याची भानगड राहत नाही. गावच्या दवाखान्यात हे बहुधा होणार नाही. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा, नाहीतर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. टाके भरेपर्यंत दहा-बारा दिवस तिला जखम चाटू द्यायची नाही. त्यासाठी गळ्यात प्लास्टिकचा कोन देतात. भुरीनं तो पहिल्याच रात्री पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) ढिगावर घासून फाडला. मग आम्ही जुनं बनियन तिच्या अंगात घातलं, पुढचे पाय बाह्यांच्या भोकांतून काढले आणि पाठीवर गाठ मारली. ते टिकलं.

मादी राखण करत नाही म्हणतात, त्यांनी आमच्याकडे एक रात्र मुक्काम करावा. उलट नरच भाद्रपदात दिवस-दिवस घरी येत नाही, आणि येतो तो कान फाडून. (2023 च्या नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकली आहे. ग्रामसभेत मी हा विषय काढला तेव्हा लोक हसले होते.)

भाद्रपदावरून आठवलं. गावातल्या बऱ्याच कुत्र्या तेव्हाच लागतात, म्हणजे पिल्लं दिवाळीच्या आगेमागे होतात आणि संक्रांतीच्या सुमारास दोन महिन्यांची होतात. तेव्हा घ्या, म्हणजे ऊन तापायच्या आत लसी आटोपतात. त्याआधी आईपासून तोडू नका. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं, आणि तुमच्या घरात लेकरू आहे. उचलून पोट बघा. पोट टम्म आणि बरगड्या वर आलेल्या असतील तर बहुधा जंत आहेत, औषधानं जातील. हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. आईजवळ जाऊन बसा, ती माणसाशी कशी वागते तेही कळेल.

पार्व्हो आणि डिस्टेंपर (तोही पिल्लांचा जीवघेणा विषाणूरोग) यांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. ती गावात सहसा मिळत नाही, मेडिकलमधून आणावी लागते. थर्मासमध्ये बर्फ घालून न्या; उन्हात पिशवीत लोंबवत आणलेल्या लसीचा काही उपयोग नाही. रेबीजची तीन महिन्यांना, नंतर डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच सरकारी दवाखान्यांत ती फुकट देतात, पण पहिल्या लसीसाठी तोवर थांबू नका. आणि मुलीला पिल्लाचा दात लागून किंवा नखानं ओरखडून रक्त आलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. घरचंच पिल्लू आहे म्हणून सोडून देऊ नका, चुना-हळद तर मुळीच नको.

रात्री कुत्रं घरात घ्या. टिपेश्वर तुमच्यापासून लांब आहे, पण बिबट्या अभयारण्याची हद्द पाळत नाही, आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. आतून भुंकलं तरी आपल्याला जाग येते, तेवढंच तर काम. फवारणीचे रिकामे डबे आणि थिमेटसारख्या कीटकनाशकाच्या उरलेल्या पुड्या उंचावर ठेवा. पिल्लू दिसेल ते चघळतं.

शेल्टरमधूनच आणायचं ठरलं तर वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथे पीपल फॉर ॲनिमल्सचं करुणाश्रम आहे, नागपुरातही संस्था आहेत. जायच्या आधी फोन करा. घर कसं आहे, बांधून ठेवणार का, नसबंदी करणार का, असं बहुतेक ठिकाणी विचारतात, राग मानू नका. तिथलं मोठं कुत्रं घेण्यात एक फायदा आहे: उंची, स्वभाव, आवाज सगळं समोर दिसतं. पण शहरात वाढलेल्या कुत्र्यानं कोंबड्या-बकऱ्या पाहिलेल्या नसतात, सुरुवातीला नजरेआड करू नका.

आणि घरचे मादीला नाहीच म्हणाले तर नर घ्या, पण नसबंदी त्याचीही करा. भटक्या कुत्र्यांत जननेंद्रियावर गाठी येण्याचा एक रोग संगातून पसरतो, तोही त्यामुळे बराच टळतो. मादीच्या ऑपरेशनला हो म्हणणारी पुरुषमंडळी नराचं ऐकून मात्र बिथरतात, तेवढी तयारी ठेवा.