पावसाळा आला की कान खाजतो

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या गावात राहते, वय ४१. पाऊस सुरू झाला की उजवा कान आतून खाजतो, दडे बसतात, मग ठणका लागतो. सासूबाई लसूण घालून कढवलेलं तेल सोडतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. यंदा मेडिकलमधून थेंब आणून घातले, तर खाज उलट वाढली. मळ साठला असेल का?

उत्तर : ताई, नुसता मळ वाटत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला बुरशीचा संशय येतो. जुलै-ऑगस्टमध्ये असे कान मी रोज बघते. आधीच दमट हवा, त्यात आंघोळीचं पाणी आणि वर तेल, मग बुरशीला आणखी काय हवं? दुर्बिणीतून पाहिलं की भिजलेल्या टीपकागदासारखा करडा लगदा दिसतो, त्यावर बऱ्याचदा काळे ठिपके.

दुकानातून मिळणाऱ्या अशा थेंबांत बहुधा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असतं. अँटिबायोटिकने जंतू मरतात, बुरशी नाही. उलट तिला रान मोकळं होतं. तुमची खाज त्यामुळेच वाढली असावी.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आधी कान सक्शनने, म्हणजे बारीक नळीने घाण ओढून, साफ करून घ्या. निम्मं काम तिथेच होतं. मग क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीचे थेंब देतात. खाज थांबली म्हणून ते मध्येच सोडू नका, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. पडद्याला भोक असेल तर काही थेंब चालत नाहीत, म्हणून कान न दाखवता काहीच घालायचं नाही. पिचकारीने पाणी मारणंही नको.

डोक्यावरून आंघोळ करताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी ठेवा आणि नंतर लगेच काढा. दिवसभर बोळा घालून हिंडणारे पेशंट मला रागावायला लावतात! पिन, काडी, किल्ली तर नकोच.

सासूबाईंच्या तेलाने शेक मिळतो, म्हणून घटकाभर बरं वाटतं. बुरशी जात नाही. एका आजींच्या कानातून मी लसणाची अख्खी पाकळी काढली आहे.

रक्तातली साखर मात्र तपासून घ्या. मधुमेह असेल आणि झोपू न देणारा ठणका लागला किंवा तोंड वाकडं झालं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे जाताना त्या थेंबांची बाटली सोबत न्या. नुसतं ‘पांढऱ्या झाकणाचं औषध’ म्हटल्यावर आम्हाला काही कळत नाही.