अंगठा माझाच, पण मेसेज मी वाचलाच नाही

"मॅडम, अंगठा माझाच आहे. पण तो मेसेज मी वाचलेला नाही."

पहिल्याच भेटीत त्या आयटी इंजिनिअरनं मोबाईल माझ्यापुढे धरला. ग्रुपवर रात्री २:३५ ला ज्युनिअरनं लिहिलं होतं, "सर, क्यूच्या मशीनची डिस्क भरत आलीय बहुतेक, ९६% दिसतेय." (क्यू म्हणजे कामाचे निरोप रांगेत धरून ठेवणारी यंत्रणा.) त्याखाली याचा अंगठा, म्हणजे 'पाहिलं' अशी खूण. ३:०५ ला पुन्हा, "सर, ९९%." पुन्हा अंगठा. दुसऱ्या दिवशी आरसीएच्या, म्हणजे बिघाडाचं मूळ कारण शोधण्याच्या, मीटिंगमध्ये हे मोठ्या पडद्यावर लावलं गेलं आणि कुणीतरी म्हणालं, "डोळ्यासमोर तर होतं!" तेव्हापासून त्याच्या मनात दोनच प्रश्न होते. माझ्या डोक्यात काही बिघाड झालाय का? की मी या कामाच्या लायकीचाच नाही?

ऑन-कॉल करणारे, म्हणजे रात्री-अपरात्री बिघाडाचा फोन घेणारे, बरेच जण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. शब्द वेगळे असले तरी प्रश्न बहुधा हाच असतो. म्हणून ही एक हकीकत त्याच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

आठ वर्षांचा अनुभव, कामात हुशार. एरवी काही विसरायला होतं का, गाडी चालवताना, हिशेबात, बोलताना? नाही. झोप, औषधं, दारू, सगळं विचारून झालं. रोजच्या व्यवहारातही असं काही निसटत असतं तर मी त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. इथे ते फक्त त्या रात्रीपुरतं होतं.

आता माझी चूक सांगते. तो "पॅनिक झालो" म्हणाला आणि मी तो शब्द धरून बसले. चिंता आहे, ठीक, श्वासाचे व्यायाम देऊ. दोन भेटी त्यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, "परवा पुन्हा कॉल आला. श्वास अगदी शांत होता. तरी एका अलर्टकडे माझं लक्षच गेलं नाही." पहिल्या पाच मिनिटांत बांधलेल्या अंदाजाला मीसुद्धा चिकटून बसले होते. तो नेमका ज्या खड्ड्यात पडला होता, त्यातच मी.

मग आम्ही कागद घेतला आणि ती पहिली रात्र उभी केली.

२:१० ला फोन. गाढ झोपेतून उठून लॅपटॉप उघडला. ऑर्डर अडकत होत्या, डेटाबेसची कनेक्शन्स भसाभस वाढत होती. आदल्या संध्याकाळी त्यानंच डेटाबेसमध्ये एक बदल केला होता. मनानं निकाल दिला : माझ्या बदलामुळेच. बदल मागे घेतला, फरक नाही. डेटाबेस रिस्टार्ट केला, आकडा खाली आला. "बघा, बरोबर!" दहा मिनिटांनी पुन्हा वर. पुन्हा रिस्टार्ट. खरं तर डिस्क भरत आल्यामुळे क्यू नवे मेसेज घ्यायला अडत होती, ॲप्लिकेशन्स तिची वाट बघत कनेक्शन धरून बसली होती. डेटाबेसचा आकडा हा परिणाम होता, कारण नव्हतं. पण प्रत्येक रिस्टार्टनंतर मिळणारा तो दहा मिनिटांचा दिलासा त्याला स्वतःच्या अंदाजाची पावती वाटत राहिला.

"यात किती वेळ गेला असं वाटलं?" मी विचारलं.

"वीस-पंचवीस मिनिटं."

लॉगप्रमाणे एक तास चाळीस मिनिटं.

इथे तो गप्प झाला. मला वाटतं, मेसेज न दिसण्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं. घड्याळ सतत स्क्रीनच्या कोपऱ्यात होतं.

मी त्याला विमानाची एक गोष्ट सांगितली. २८ डिसेंबर १९७८. युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं उड्डाण अमेरिकेत पोर्टलंडला उतरत होतं. चाकं खाली घेताना वेगळाच धक्का बसला, हवा तो दिवा लागला नाही. कॅप्टननं विमान घिरट्या घालत ठेवलं. चाकांची तपासणी, प्रवाशांची तयारी यात जवळजवळ तास गेला. चाकांचा दोष विमान पाडण्याएवढा नव्हता. इंधन संपलं, इंजिनं बंद पडली आणि विमान शहराच्या वस्तीत कोसळलं. दहा जण गेले. इंधनाचे काटे समोर होते, सहकाऱ्यांनी इंधनाचा विषय काढलाही होता, पण कॅप्टनच्या मनावर ठसेल इतक्या ठामपणे नाही. तपासात दोन्ही बाजूंवर बोट ठेवलं गेलं. कॉकपिटमधल्यांनी एकमेकांशी बोलावं कसं, याचं प्रशिक्षण विमान कंपन्यांनी पुढे सुरू केलं, त्यामागे हा अपघात मोठं कारण होता.

"बहुतेक," तो पुटपुटला. ज्युनिअरच्या मेसेजमधला शब्द.

परिस्थितीचं भान या विषयावर संशोधक मिका एंड्सली यांनी १९९५ मध्ये तीन पायऱ्या मांडल्या : गोष्ट टिपणं, तिचा अर्थ लागणं, पुढे काय होईल याचा अंदाज येणं. आम्ही त्याची रात्र त्यावर ठेवून पाहिली. ९६% हा आकडा पहिल्याच पायरीवर गळला होता. बोटानं अंगठा दाबला, कारण सूचना आली की अंगठा द्यायचा ही हाताची सवय. मनाकडे त्या क्षणी जागा नव्हती. एका वेळी डोक्यात चारेकच गोष्टी धरता येतात आणि त्या चारही जागा डेटाबेसनं अडवल्या होत्या. ताणाखाली लक्षाचा झोत आणखी अरुंद होतो. झोताबाहेरचं धूसर दिसतं असंही नाही. बऱ्याचदा ते आपल्यासाठी नसतंच. म्हणून "जास्त लक्ष दे" हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. लक्ष तो देतच होता, सगळं, एकाच ठिकाणी.

शिवाय गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास मेंदूवर गुंगी असते. त्याचा पहिला निकाल त्या गुंगीतला होता आणि नंतर कुणीच तो उलटतपासायला घेतला नाही.

आरसीएमध्ये "समोर तर होतं" म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे, तो लपवत नाही. निकाल कळल्यावर मागचं सगळं सोपं दिसतं. मानसशास्त्रज्ञ बारुख फिशहॉफ यांनी १९७५ मध्येच प्रयोगांतून हे दाखवलं होतं. त्या रात्री स्क्रीनवर सहा खिडक्या उघड्या होत्या आणि अलर्ट चाळीसच्या वर. मीटिंगमध्ये पडद्यावर मात्र नेमके दोन मेसेज होते.

बदलायचं काय? हे त्यानंच शोधलं, मी फक्त विचारत गेले. फोन आल्यावर पहिली पाच मिनिटं काहीही बदलायचं नाही, फक्त कागदावर लिहायचं : दिसतंय काय, मी धरून काय चाललोय. दर पंधरा मिनिटांनी टायमर, आणि तो वाजला की मोठ्यानं एकच प्रश्न : "माझा अंदाज चुकीचा असेल तर मला काय दिसायला हवं?" अंगठा बंद. ज्युनिअरनं "बहुतेक" न लिहिता "सर, थांबा" असं लिहायचं आणि यानं तो निरोप आपल्या शब्दांत परत टाइप करायचा. शक्य असेल तर कीबोर्डला हात न लावणारा एक माणूस कॉलवर ठेवायचा. कॅलिफोर्नियाच्या वणव्यांनंतर १९७०च्या दशकात अग्निशमनासाठी सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या सूत्रधाराची जी पद्धत आली, तीच पुढे आयटीनं उचलली.

"रात्री दोनला दुसरा माणूस कुठून आणू?" त्यानं विचारलं. खरंच आहे. त्याची टीम तिघांची. तिथे कागदालाच दुसरा माणूस व्हावं लागतं, आणि कागद काही माणसाइतका चांगला नाही. हे मी व्यवस्थापकाला सांगायला हवं, त्याला नव्हे. पण व्यवस्थापक माझ्याकडे येत नाही.

दोन महिन्यांनी तो एक चुरगळलेला कागद घेऊन आला. सुरुवातीला "नेटवर्क" लिहून खाली रेघ ओढलेली. तिसऱ्या टायमरला नेटवर्कवर काट आणि शेजारी : "ज्यु. म्हणतोय सर्टिफिकेटची तारीख संपली. परत टाइप केलं. बघतो." तरी प्रकरण सुटायला दीड तास लागलाच.

"फास्ट नाही झालो, मॅडम," तो हसून म्हणाला. "पण दीड तास मला दीड तासच वाटला."

तेवढ्यात बाहेर कुणाचा तरी फोन वाजला, त्याच्या अलर्टच्याच रिंगटोनचा. बोलता बोलता त्याचा हात खिशाकडे गेला. ती रिंगटोन त्यानं महिन्यापूर्वीच बदलली आहे. सध्या आम्ही त्या हातावर काम करतोय.