दोन दिवसांत वाल्देस द्वीपकल्प बघून होतं का?

प्रश्न असा आहे की ऑक्टोबरमध्ये अर्जेंटिनात जाताय, वाल्देसजवळच्या पुएर्तो माद्रिन गावाला दोनच दिवस आहेत, त्यातल्या एका दिवसात वाल्देस उरकता येईल का आणि ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, किनाऱ्यावर चढून सीलचं पिल्लू उचलतात ते दिसेल का. उरकता येईल की, आमच्या साडूंनी उरकून दाखवलंय. 'उरकणे' हाच शब्द बरोबर आहे त्याला.

आम्ही 2018 च्या ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. मी, बायको, मेहुणी आणि साडू. साडूंनी एक्सेल शीट केली होती, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडून, आणि त्यात सगळ्यात मोठ्या अक्षरात होतं पुंता नोर्ते (द्वीपकल्पाचं उत्तरेचं टोक), ऑर्का. त्यांनी ऑर्का किनाऱ्यावर चढतात तो व्हिडिओ बघितला होता, तुम्हीही बहुतेक तोच बघितलाय. आता पुंता नोर्तेला ऑर्का येतात त्या फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, कारण तेव्हा सी लायनची (तुम्ही सील म्हणताय ते हेच) पिल्लं नुकती पाण्यात उतरायला शिकलेली असतात, आणि तेही भरतीच्या आसपासच, कारण पाणी वर चढल्याशिवाय त्यांना किनाऱ्याच्या इतक्या जवळ पोचता येत नाही. ऑक्टोबरमध्ये सी लायनची पिल्लं जन्मलेलीच नसतात. म्हणजे जे खायला त्या तिथे येतात तेच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या कालेता वाल्देसच्या बाजूला एलिफंट सीलच्या पिल्लांसाठी कधीमधी ऑर्का येतात, पण ते नशीब आहे, रकाना नव्हे. हे मी विमानातच सांगितलं होतं, पण आमच्याकडे धाकट्या जावयाचं कोण ऐकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वीपकल्पावरच्या पुएर्तो पिरामिदेस गावाहून निघालो. सगळा रस्ता खडीचा, त्याला तिकडे रिपियो म्हणतात, त्यावर साठच्या वर गाडी नेऊ नका, गाडी सरकते आणि उलटते, भाड्याच्या गाड्या तिथे अशाच उलटतात. पुंता नोर्तेला वाऱ्यात अर्धा तास उभे राहिलो, साडू दुर्बीण लावून काळा पंख शोधत होते. तिथून कालेता वाल्देस. आणि तिथे खाली वाळूत एलिफंट सील पसरलेले, एकेक नर तीन-तीन टनांचा, नाक लोंबतंय, भोवती माद्या आणि काळी पिल्लं. एक नर मान वर करून असा काही डरकला की आवाज कानाच्या आधी छातीत जाणवला. एक मादी पंज्याने वाळू उचलून स्वतःच्याच पाठीवर टाकत होती, एक लप्पा, मग दोन मिनिटं विश्रांती, मग परत एक लप्पा. तिचं पिल्लू जन्मतं तेव्हा 40 किलोच्या आसपास असतं आणि साधारण तीन आठवड्यांत नुसत्या दुधावर तिप्पट होतं, आई तेवढे दिवस काहीही खात नाही. मला तिथे दिवसभर बसायचं होतं. साडू म्हणाले, "हे तर नुसते झोपलेत." 25 मिनिटं. रकाना संपला.

हे मला आता जास्त लागतं, कारण 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ह्याच किनाऱ्यांवर बर्ड फ्लूने 17,000 च्या वर पिल्लं मेली, त्या वर्षी जन्मलेली जवळजवळ सगळीच. आम्ही ज्यांना 25 मिनिटं दिली ती गर्दी तशी परत कधी दिसेल माहीत नाही.

बरं, एक्सेलप्रमाणे चार वाजता पिरामिदेसला देवमाशांची बोट होती. अख्ख्या द्वीपकल्पात देवमासे बघायला बोटी फक्त इथूनच सुटतात. दुपारी वारा सुटला, म्हणजे कसा, तर गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं लागतं नाहीतर ते उलटं वळतं. बंदर बंद. तिथे धक्का वगैरे नाही, बोटी ट्रेलरवर ठेवून ट्रॅक्टरने पाण्यात ढकलतात, तर ते सगळे ट्रॅक्टर वाळूवर ओळीने उभे आणि ड्रायव्हर आत बसून माते (तिकडचा चहासारखा काढा) पितायत. तिसऱ्या दिवशी सकाळीही बंदच. आमचं विमान चौथ्या दिवशीचं.

संध्याकाळी माद्रिनला परत आलो तर हॉटेलवरच्या बाई म्हणाल्या, एल दोरादिशोला जा, भरती आहे. (लिहितात Doradillo, पण तिकडचे लोक 'श'च म्हणतात.) गावाबाहेर पंधराएक किलोमीटरवर गोट्यांचा किनारा, तेव्हा तिकीट नव्हतं, काही नव्हतं. किनारा लगेच खोल होतो म्हणून भरतीला देवमासे अगदी कडेला येतात, माद्या पिल्लांना घेऊन. साडू गाडीतच बसले, काचा वर करून, बोटीच्या रिफंडची ईमेल लिहीत.

आम्ही तिघं गोट्यांवर बसलो. आधी आवाज आला, ट्रकचा एअर ब्रेक सुटतो तसा, आणि मग इंग्रजी व्हीसारखा दुहेरी फवारा. ह्या सदर्न राइट व्हेलचा फवारा तसाच असतो. वीसेक मीटरवर आई आणि तिच्या बाजूला पिल्लू. डोक्यावर ते पांढरे खडबडीत चट्टे, प्रत्येकाचे वेगळे, संशोधक त्यावरूनच ओळखतात कोण कोण ते. पण ती पाठ वर काढतच नव्हती, डोकं तिरकं करून नुसतं नाक बाहेर काढायची, श्वास घ्यायची आणि खाली. मग कळलं का ते. वर सीगल घिरट्या घालत होते, ते देवमाशांच्या पाठीवर बसून चामडी-चरबी टोचून खातात, म्हणून ह्या माद्या आता पाठ लपवून श्वास घ्यायला शिकल्यात. पिल्लाला अजून जमत नव्हतं, त्याच्या पाठीवर एक बसला आणि पिल्लू असं दचकलं की मेहुणी ओरडली "अगं बाई!" पन्नास फुटी आई, आणि एवढ्याशा पक्ष्याचं काही करू शकत नाही.

पाच-सात मिनिटांनी साडू आले तोवर दोघं सरकली होती. तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत ते सांगतात, "एवढे लांब गेलो आणि व्हेल लांबूनच दिसला, बोट ह्यांच्यामुळे हुकली." ह्यांच्यामुळे म्हणजे माझ्यामुळे.

आता इथे कबूल करतो. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही पिरामिदेसला पोचलो तेव्हा समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा होता, बोट सुटत होती आणि मेहुणी म्हणाली आत्ताच जाऊ या. साडू म्हणाले शीटमध्ये उद्या आहे. पण त्यांच्याही आधी मी म्हणालो होतो "उद्या", कारण मला भूक लागली होती. पण मी फक्त म्हणालो, तिकिटाच्या खिडकीवरून परत ते फिरले.

तर तुमचं. दोन्ही रात्री पिरामिदेसला राहा, माद्रिन सोडा, कारण माद्रिनहून सगळी चक्कर मारून परत यायला 400 च्या आसपास किलोमीटर पडतात आणि त्यातला बराचसा वेळ खडीच बघाल. पोचल्या पोचल्या समुद्र शांत असेल तर बॅगा तशाच ठेवून बोट घ्या. ऑर्का सोडून द्या. दुसरा दिवस फक्त कालेता वाल्देस, पेंग्विनही तिथेच आहेत, ऑक्टोबरमध्ये अंड्यांवर बसलेले असतात. टाकी भरून निघा, पाणी-खाणं बरोबर ठेवा. परत जाताना भरतीची वेळ विचारून दोरादिशो. बोटीत उलटी होणारे कोणी असतील तर दोरादिशोच पुरे, आणि लहान मुलं असतील तर वाऱ्याचं खरंच मनावर घ्या, कानटोप्या न्या. बोटीतून बघणं जास्त भारी असेलही, मी बघितलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल साडूंना विचारू नका, त्यांनीही बघितलेलं नाही.